करदोटा

“सगळ्या तक्रारी मिटवल्यास म्हणतोस?” शेषबुवांनी विचारलं.

“एकूण एक. आता तरी किल्ली द्याल ना, बुवा?”

कौस्तुभ मठाच्या ओटीवर ताठ बसला होता. मांडीवर संगणक. समोर बुवा वाती वळत होते.

किल्ली म्हणजे दाराची नव्हे. मठात यायच्या आधी, तरुणपणी, बुवांनी संगणकासाठी एक छोटं अवजार लिहिलं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की ठिकठिकाणच्या फायली गोळा होऊन एका जागी लागायच्या. बुवांनी ते जगाला मोकळं दिलं. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, बिघडलं तर कळवावं, जमलं तर दुरुस्त करावं. कुणाची दुरुस्ती आत घ्यायची आणि कुणाची नाही, एवढं मात्र बुवांच्या हाती. तो हक्क म्हणजे किल्ली.

बुवांची नजर आता अधू झाली होती; कौस्तुभच्या दुरुस्त्या ते त्याच्या शब्दावरच आत घेत. किल्ली कुणाला तरी द्यायचीच होती. आणि कौस्तुभ हुशार होता. सगळे तसं म्हणायचे. तोही म्हणायचा.

“कशा मिटवल्यास?”

“खऱ्या होत्या त्या दुरुस्त केल्या. बाकी नुसती रड होती.”

“रड कशी ओळखलीस?”

“त्यात काय ओळखायचं? ‘चालत नाही’ एवढंच लिहितात लोक. काय चालत नाही, कुठं अडलं, काही नाही.”

बुवांनी एक वात वळून बाजूला ठेवली…

तेवढ्यात फाटकातून रडणं ऐकू आलं. कडेवर लेकरू घेऊन एक बाई आत आली. घाट चढून आलेली, घामानं भिजलेली.

“शेषबुवांचा मठ ह्योच ना? मी शेवंता गवारी. खालच्या उपकेंद्रात पोरांच्या लसींच्या नोंदी ठेवते. जुन्या संगणकातल्या नोंदी नव्यात आणायला तुमचं ते फायली गोळा करायचं असतं ना, तेच वापरते. मागं कळवलं होतं, ते वरडतंय म्हणून.”

कौस्तुभ हसला. “अच्छा, त्या तुम्ही! पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय, भ्या वाटतं, असं लिहिलं होतं. केलं ना मी बंद?”

“केलंत की दादा. मी आभारबी लिहिले.” तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “आता वरडत नाही. पण नोंदी जात्यात.”

“कुठं जातात?”

“ते ठावं असतं तर घाट चढले असते का?”

बुवांना हसू आलं. कौस्तुभला आलं नाही.

शेवंता बसली आणि सांगू लागली. परवा वाडीवरची एक बाई दोन पोरी घेऊन आली. धाकटीची नोंद सापडली, थोरलीची नाही. घरचं कार्ड शेळीनं खाल्लेलं.

“थोरलीला गोवराची लस झाली का राहिली, कोण सांगणार? तिची आई माझ्याकडं बघते, मी पडद्याकडं बघते.”

“जुन्या संगणकावर असेल की,” कौस्तुभ म्हणाला.

“त्या वाडीचं पुसलं मी. वरडलं नाही, म्हटलं सगळं नीट आलं. बाकीच्या वाड्या उद्या पुसायच्यात, जुनं मशीन परत द्यायचंय…” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पुसू का नको, तेवढं सांगा.”

लेकराचं रडणं वाढलं.

“आधी याला गप्प करा हो. काही ऐकू येत नाही.” कौस्तुभनं गाडीच्या चाव्या काढून त्याच्यापुढं खुळखुळवल्या.

लेकरू थांबलं. चाव्यांकडं बघत राहिलं.

“बघा! एवढंच तर होतं.”

चाव्या खाली ठेवल्या, आणि त्यानं असा टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली.

“सकाळपासून हेच चाललंय,” शेवंता म्हणाली. “पाजलं. पोटाला ओव्याचा शेक दिला. दृष्ट काढली. बाबा, माझ्या जिवात जीव नाही. आतून काही दुखणं असलं तर? बोलता येत नाही ना त्याला…”

“आण इकडं.”

बुवांनी लेकराला मांडीवर घेतलं. थोपटलं नाही, खेळवलं नाही.

“अहो बुवा, गप्प तरी करा त्याला.”

“रडू दे. ऐकतोय मी.”

बुवांची बोटं हळूहळू फिरू लागली. टाळू. कानांमागं. काखेत. पोट. झबलं वर केलं. कमरेशी बोटं थांबली.

काळा करदोटा. कमरेच्या गुबगुबीत वळीत पार रुतून गेलेला, वरून दिसतही नव्हता. आजूबाजूला लाल वळ.

शेवंतानं तोंडावर हात नेला. “अगं आई गं! रोज न्हाऊ घालते मी… रोज! मला कसा दिसला नाही?” मग एकदम म्हणाली, “सासूबाईंनी बारशाला बांधलेला. त्यांना बोलू नका हं बाबा. लई हौसेनं बांधला त्यांनी.”

“हौसेनंच बांधलाय. तेव्हा मापात होता.”

वातींच्या टोपलीतली कात्री बुवांनी उचलली. दोरा आणि कातडी यांच्या मधे आपलं बोट घालायला लागले. बोट जाईना. लेकरू किंचाळलं. बुवांनी घाई केली नाही. नख गेलं, मग पेर गेलं. बोटावर कात्री टेकवली.

कट्…

दोरा तुटला. बुवांच्या बोटावर रक्ताचा एक थेंब आला. लेकराच्या अंगावर ओरखडा नव्हता.

त्यानं दोन हुंदके दिले, जांभई दिली, आणि आईच्या कुशीत जाताच झोपून गेलं.



कौस्तुभ पडद्याकडं बघत होता. मग त्यानं ओरडणं बंद करणारी आपली दुरुस्ती काढून टाकली. शेवंता फायलींना जशी नावं देते, तशीच तिला विचारून दोन नावं दिली. आधी गाव, मग वाडी, आडनाव, बापाचं नाव, शेवटी पोरीचं. दोघी बहिणींच्या दोन फायली. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली.

पडदा ओरडला.

“काय म्हणतंय ते?” शेवंतानं विचारलं.

“नाव लांब आहे… म्हणून शेवट कापला.” कौस्तुभचा आवाज खाली आला. “नावाला चौसष्टच घरं आहेत. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं, मराठीला तीन-तीन लागतात. पोरीच्या नावापर्यंत पोचायच्या आत घरं संपतात. मग दोघी बहिणींचं नाव एकच होतं, आणि धाकटी येऊन थोरलीवर बसते.” तो थांबला. “उद्या काही पुसू नका, ताई. काहीच पुसू नका.”

“आणि जी पुसली ती?”

“ती… नाही यायची परत.”

शेवंतानं मान खाली घातली. “तिच्या आईला काय सांगू मी?”

 कौस्तुभ बुवांकडं वळला.

“नाव चौसष्टवर कापणारी ओळ मी तेव्हाच बघितली होती, बुवा.”

“मग?”

“तिच्यावर लिहिणारा म्हणून तुमचं नाव होतं.”

“म्हणून ओरडणं बंद केलंस.”

“…हो.”

बुवांनी धोतराच्या सोग्याला बोट पुसलं.

“काढू ती ओळ?” कौस्तुभनं विचारलं. “पण तिच्या आधारानं किती ठिकाणी काय काय उभं आहे, कोण जाणे. ती काढली आणि दुसऱ्या कुणाचं काही गेलं तर…”

किल्लीचं तो विसरूनच गेला होता.

बुवांनी कात्री त्याच्यापुढं सरकवली.

“काप. पण आधी आपलं बोट घाल.”