घालणारा हात, काढणारा हात

एका नदीकाठच्या पेठेत गुळाची दोन दुकानं होती, अगदी समोरासमोर. एक तवनाप्पाचं, दुसरं गुरुलिंगाचं. दोघांचा गूळ एकाच गुऱ्हाळातला, भाव एकच, वजनंही पाटलाने शिक्का मारून दिलेली. तरी गुरुलिंगाच्या दारात गिऱ्हाइकांची रेटारेटी, आणि तवनाप्पाच्या ढेपांवर नुसत्या माशा.

माणसाचं दुकान बसलं की सल्ले देणाऱ्यांचं जोरात चालतं. कोणी म्हणालं, दुकानाचं तोंड फिरव. कोणी म्हणालं, उंबऱ्याखाली घोड्याची नाल पूर. सासऱ्याने तर निरोपच धाडला की संक्रांतीपर्यंत वाट बघा, नाही जमलं तर कुलूप घाला आणि आमच्या गुऱ्हाळावर काहील ढवळायला या.

निरोप तवनाप्पाला झोंबला. बायकोला, पद्माक्काला, तो म्हणाला, "काहील ढवळायची मला लाज नाही. पण धंदा का बसला हे कळल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

आधी त्याने विचारून पाहिलं. रोज समोरच्या दुकानात जाणारी कोष्ट्याची म्हातारी दिसली, तिला थांबवून सरळ विचारलं की आजी, तिथे असं काय मिळतं?

"तो भरभरून देतो रे बाबा," म्हातारी म्हणाली. "तू हात आखडतोस."

"शेर म्हणजे शेर, आजी. त्याचा काय मोठा असतो?"

"ते मला काय ठाऊक? पण तुझा गूळ घेऊन निघालं की वाटभर जीव हळहळतो."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिचं तिलाच कारण ठाऊक नव्हतं. तवनाप्पाने ओळखलं, लोकांना विचारून भागायचं नाही, लोक बघायला हवेत.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानावर पद्माक्काला बसवलं आणि स्वतः गुरुलिंगाच्या शेजारी, लिंबाखाली बसणाऱ्या चांभाराजवळ ठाण मांडलं. तिसऱ्या दिवशी चांभार म्हणाला, "अण्णा, चप्पल कधीच शिवून झाली. आता पाय शिवू का?"

पण तोवर तवनाप्पाला हवं ते दिसलं होतं. गुरुलिंग पारड्यात आधी लहान खडा टाकायचा. मग आणखी एक, मग आणखी एक, काटा सरळ होईपर्यंत. प्रत्येक खड्याला गिऱ्हाइकाचा चेहरा खुलायचा. आणि तवनाप्पा? तो मोठा खडा धाडकन टाकायचा आणि सुरीने तासत तासत शेरावर आणायचा. तासलेला प्रत्येक तुकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत परत त्याच्याच टोपलीत. शेर दोन्हीकडे सारखा, पण एकीकडे मिळत जायचं आणि दुसरीकडे मिळालेलं जायचं.

एवढ्यावर विश्वास ठेवील तर तो व्यापारी कसला. वीस दिवस त्याने पारख केली. एक दिवस खडे घालत तोलायचं, एक दिवस तासत. पद्माक्का दोन वाट्या घेऊन बसायची. खूश होऊन गेलेल्याचा चिंचोका एका वाटीत, तोंड पाडून गेलेल्याचा दुसरीत. "गूळ विकतोय की सारीपाट खेळतोय," असं ती पुटपुटायची, पण चिंचोके चोख टाकायची. वाट्यांनी निकाल दिला. तवनाप्पाने सुरी खुंटीला टांगली, आणि संक्रांतीच्या आधी पेठेतली निम्मी गर्दी त्याच्या दारात आली.

तेव्हा गुरुलिंग रस्ता ओलांडून आला आणि विचारू लागला की काय जादू केलीस. तवनाप्पाने काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. गुरुलिंग चकितच झाला. त्याचा बाप तसा तोलायचा म्हणून तो तोलायचा, एवढंच त्याला ठाऊक. मग त्याने आवाज उतरवला.

"खडे पडताना लोक हाताकडे बघतात, काट्याकडे नाही. शेराला अदपाव कमी गेला तर कोणाला कळतंय? सण तोंडावर आहे. दोघं मिळून करू."

हे तवनाप्पानेही हेरलं होतं. दहातले सात जण काट्याकडे बघतच नव्हते. सासऱ्याचा निरोपही आठवला. पण मग म्हातारीची ती हळहळ आठवली.

"नाही गुरुलिंग," तो म्हणाला. "काटा सरळ झाल्यावर मी एक खडा वर घालीन. त्याआधी माझा हात थांबायचा नाही."

गुरुलिंग हसत परतला. शेरामागे मारलेल्या अदपावाच्या जोरावर त्याने भाव थोडा उतरवला, आणि गर्दी पुन्हा तिकडे वळली. पद्माक्का पुन्हा पुन्हा रिकाम्या गल्ल्यात डोकावू लागली. तवनाप्पा म्हणाला, "तुझ्या वडिलांच्या काहिलीपाशी जाईन, पण काटा सोडणार नाही."

भोगीच्या दिवशी घरोघरी लाडू करायला घेतले. त्या पेठेतल्या बायकांची रीत अशी की शेरभर तिळाला शेरभर गूळ, पुडी सोडायची आणि सगळी पातेल्यात रिकामी करायची. घरी परत कोण तोलतं? पण यंदा लाडू वळेचनात. मुठीत धरले की भुगा. पाक कच्चा राहिला म्हणून सासवा सुनांवर करवादल्या, सुनांनी तिळाला बोल लावला. मग हळदीकुंकवाला बायका जमल्या, तर निम्म्या ताटांत लाडूंचा चुरा. कोष्ट्याच्या म्हातारीने एकेकीला एवढंच विचारलं, "गूळ कुठला गं?" चुरा झालेल्या प्रत्येकीने गुरुलिंगाचंच नाव घेतलं, आणि गूळच कमी भरला होता हे उघडं पडलं.

गुरुलिंगाच्या दुकानाला कुलूप लागलं, पण बसलं ते एकट्या त्याचंच नाही. लोकांचा अख्ख्या पेठेवरचाच भरवसा उडाला. एका काट्याने दगा दिला की शेजारचाही वाकडा दिसू लागतो. गाड्या नदीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागल्या. तीळवाला, खोबरेवाला, कापडवाला, सगळे हात चोळत बसले. तवनाप्पाच्या ढेपांवर पुन्हा माशा आल्या.

पण तो आता मन वाचायला शिकला होता. भ्यालेल्या माणसाला शपथ पटत नाही, डोळ्यांनी दिसलं तर पटतं. त्याने आपला तराजू उचलला, पेठेच्या मधोमध लिंबाच्या फांदीला टांगला आणि जाहीर केलं की कुठल्याही दुकानचा माल आणा, इथे परत तोला. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. तो रोज बसला. नवव्या दिवशी म्हातारी त्याच्याच दुकानची पुडी घेऊन आली. काटा सरळ होऊन गुळाकडे झुकला. बघायला चार जण थांबले, दुसऱ्या दिवशी चाळीस आले. महिन्याभरात गाड्या नदी ओलांडून परतल्या.

सगळ्यांत शेवटी गुरुलिंग आला, मान खाली घालून. दुकान उघडू का, म्हणाला.

"उघड की," तवनाप्पा म्हणाला. "पहिला शेर मात्र या झाडाखाली तोल."

गुरुलिंगाने खडे घालायला सुरुवात केली. समोर म्हातारीच उभी होती. त्याचा हात सफाईने फिरत होता, पण तिची नजर वर काट्यावर खिळली होती.

"घाल बाबा," ती म्हणाली. "अजून सरळ नाही झाला."

तात्पर्य: माणसाचं मन ज्याला उमगलं, त्याच्या हाती सगळी पेठ येते. त्या जाणतेपणाने पेठ फुलवावी. लुटायला गेलं तर लुटणाऱ्याबरोबर साऱ्यांचीच दुकानं बसतात.