चित्रातला फणस

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठच्या एकुलत्या एका फणसावर सिंहासारख्या शेपटीचा वानर राहायचा. त्याच्या जातीचे थोडेच उरले होते आणि त्याचाच त्याला तोरा होता.

“माणसं आमचं चित्र लावणार, वहिनी,” तो खाडीतल्या शार्कच्या कुळातल्या मुशीला म्हणाला. “तुम्हीही संपत आलात, पण ते दात कोण रंगवणार?”

मुशी मुळात कमी बोलणारी. “आमचा मान बाजारातल्या टोपलीत,” ती म्हणाली. “भावजी, तुम्ही फणस सांभाळा.”

दुसऱ्या दिवशी माणसांनी फणस तोडला आणि त्याच्याच फळ्यांवर वानराचं भलंमोठं चित्र रंगवलं. खाली लिहिलं, ‘यांना जपा.’

वानर उरलेल्या बुंध्यावर उपाशी बसला.

मुशीने चित्र निरखून पाहिलं. “झाडही काढलंय की, भावजी. फणसांसकट. भूक लागली की एखादा तोडून बघा.”