झुंबरशेठची न मोडलेली नोट

वेणूला वाटलं होतं, झुंबरशेठ येताहेत म्हणजे स्टेशनाबाहेर टॅक्सी लागेल, नदीकाठच्या हॉटेलात जेवण होईल आणि दोन वर्षं कोरड्या पावावर काढलेल्या आपल्या पोटाचीही एक दिवस चैन होईल. प्रत्यक्षात येवल्याचे सर्वांत मोठे पैठणीवाले फ्रान्समधल्या ल्योंच्या स्टेशनावर उतरले, ते डोक्याला माकडटोपी, काखेत दशम्यांचा रिकामा डबा आणि मुठीत दहा युरोची एकच नोट घेऊन!

पॅरिसच्या प्रदर्शनात आपण पुरते लुटले गेलो, असं शेठनी गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं. तिथे म्हणे पाणीसुद्धा विकत घ्यावं लागलं.

वेणूचे वडील किसनतात्या तीस वर्षं शेठच्या मागावर पैठण्या विणत होते. वेणू विणकामाचंच शिकायला शिष्यवृत्तीवर इथे आली होती आणि पुढच्या महिन्यात येवल्याला परतणार होती. तिचं एकच मागणं होतं. ज्याने पैठणी विणली त्याची खूण पदराच्या कोपऱ्यात असावी. तात्यांची खूणही तिने ठरवून ठेवली होती, मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा, पण नखाएवढा. शेठना दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. म्हणून तिने फलाटावरच विषय काढला.

शेठना खुणेची धास्ती होती. आज खूण दिसली तर उद्या गिऱ्हाईक थेट विणकराच्या दारात जाईल! पण आपल्याच गल्लीतल्या पोरीला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी ती नोट तिच्या हातात ठेवली.

"या नोटेवर मला हे शहर दाखव. तिकीट काढून येणाऱ्यांना दिसत नाही असं दाखव. दुपारी गरम जेवण हवं. आणि संध्याकाळी हीच नोट मला परत हवी, न मोडलेली. जमलं तर तुझी खूण."

"जमेल," वेणू म्हणाली आणि नोट वहीत ठेवून चालायला लागली.

पहिल्या पुलापाशीच शेठनी टॅक्सीला हात केला.

"नोट मोडायची का शेठजी?"

हात खाली आला. पुढे ट्राम दिसली, खारी-बिस्किटांचं दुकान लागलं, टेकडीवर चढणारी मेट्रो दिसली. प्रत्येक ठिकाणी वेणू थांबायची, आदबीने वही उघडायची आणि तोच प्रश्न विचारायची. तहान लागली तेव्हा मात्र तिने चौकातला सार्वजनिक नळ दाखवला. शेठ पोटभर पाणी प्यायले आणि पॅरिसवर सूड उगवल्यासारखा डबाही भरून घेतला.

मग एका साध्या दारावरचं बटण दाबून ती आत शिरली. शेठ घाबरले. दुसऱ्याच्या घरात असं शिरायचं म्हणजे पोलीस येतील!

"शेठजी, दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाला पहिलं काय सांगता?"

"पदर उलटा करून बघा."

"मग या शहराचाही पदर आज आपण उलटा करून बघू."

आत बोळ होता. बोळातून चौक, चौकातून जिना, जिन्यावरून दुसऱ्याच गल्लीत. जुन्या काळी विणकर पावसात रेशमाचे तागे भिजू नयेत म्हणून याच आडवाटांनी ये-जा करत. घरांच्या आतून गेलेली ही वाट सगळ्यांना मोकळी होती, तिकीट नव्हतंच. शेठ धापा टाकत होते, पण भिंतींना हात लावून बघत होते. एवढी उंच छतं कशाला, असं त्यांनी विचारलं. माग मावावेत म्हणून, असं कळल्यावर ते बराच वेळ वर बघत राहिले.

टेकडीच्या माथ्यावर ओदील आजींचं घर होतं. आजींनी उभा जन्म रेशीम विणण्यात घालवला होता. वेणूने शेठची ओळख करून दिली, आपल्या पिशवीतली नमुन्याची पैठणी पुढे केली आणि गप्प बसली. पुढचं तिला करावंच लागलं नाही. समोर पारखी माणूस आणि हातात पैठणी असल्यावर शेठ थोडेच गप्प बसणार? पदर उलटा, सुलटा, मोर या बाजूने, मोर त्या बाजूने! भाषेची अडचण दोघांनाही आली नाही. तासाभराने आजींनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि कांद्याचं वाफाळतं सूप, वर चीज लावलेला पाव पाहुण्यांपुढे ठेवला. शेठनी दोनदा घेतलं.

संध्याकाळी वेणूने वही उघडली. नोट तशीच होती; तिने ती शेठच्या हातात ठेवली.

"जेवण तू फुकट मागितलंस," शेठनी शेवटचा डाव टाकून पाहिला.

"मी कुठे? तुम्ही तासभर बोलून कमावलंत."

शेठ मिशीत हसले, पण शेवटी व्यापारी माणूस. त्यांनी नवी अट काढली. खूण देईन, पण पदराच्या उलट्या बाजूला. दिसायला नको. कबूल असेल तर उद्या गाडी सुटायच्या आत सांग, नाहीतर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू फलाटावर हजर झाली.

"ठरलं शेठजी. उलट्या बाजूलाच. तेवढं तात्यांना तुमच्या तोंडून सांगा."

एवढ्यावर भागलं म्हणून शेठ खूश झाले. तिचा फोन घेऊन त्यांनी मोठ्या आवाजात हुकूम सोडला, "किसन, आजपासून पदरावर तुझी खूण. माझा शब्द! फक्त उलट्या बाजूला विणायची."

पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तात्या हसू दाबत होते.

"काय झालं रे?"

"चाळीस वर्षं तुम्हीच सांगताय ना शेठजी," वेणू म्हणाली, "पदर उलटा करून बघा, दोन्हीकडे सारखाच! आपल्या पैठणीला उलटी बाजू असते कुठे?"

शेठ असे हसले, की माकडटोपी डोळ्यांवर आली आणि फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. गाडीत चढून त्यांनी खिडकीतून तिला थांबायचा इशारा केला, परत फलाटावर उतरले आणि ती दहाची नोट वेणूच्या हातात कोंबली.

"घे, आता मोड. आणि पळ, गाडी सुटायच्या आत दोन चहा आण!"