तांदळातलं नाव

केतकीच्या लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘ऋजुता’ लिहिलं. तांदूळ शिजून संपले, नाव मात्र राहिलं. पासपोर्ट आणि व्हिसा केतकीचा, पण बाळाच्या जन्मदाखल्यावर आई ऋजुता! मस्कतला नवऱ्याकडे निघालेल्या केतकीला विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या शेंबेकर साहेबांनी नेमकं त्यावरूनच अडवलं.

“साहेब, दोन्ही मीच. लग्नात नाव बदललं.”

“पुरावा? ते तांदूळ आणलेत का?” साहेब मिशीत हसले. “हे मूल ऋजुताचं. तुम्ही केतकी. आधी त्याच्या आईची परवानगी आणा, बाई.”

विमान सुटायला आलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं, असं केतकीला नेहमीप्रमाणे वाटलं. तरी तिने बाळ उचललं आणि साहेबांच्या मांडीवर ठेवलं.

“खरंय साहेब. परक्याचं मूल मी कसं नेऊ? त्याची आई येईपर्यंत तुम्हीच सांभाळा.”

बाळाने आधी मिशी धरली, मग भोकाड पसरलं, मग साहेबांची पँट ओली केली.

“अहो, घ्या हो याला! तुमचंच मूल आहे हे!”

“शिक्का मारा, लगेच घेते.”

शिक्का धाडकन पडला. विमानात बसल्यावरही केतकीला एकच धाकधूक होती: साहेबांना बाळाचा लळा लागला असता तर?