तळाचं नाव

"म्हणजे चूक माझी?"

धैर्यशीलने स्टँड टेबलावर आपटला. खाली पितळेची जड बैठक, तिच्यातून उभी वीतभर सळई, आणि सळईच्या टोकाला खेळातल्या विमानाच्या पोटाचा तेवढा तुकडा चिकटून राहिलेला. बाकीचं विमान चार तुकड्यांत बेनाडीकर सरांच्या रुमालात गेलं होतं.

तातोबा मेस्त्री लेथ पुसत राहिले. टेबलावर नकाशा पसरून, फासे टाकून हवाई लढाया खेळणारी हौशी मंडळी आपल्या बोटाएवढ्या विमानांसाठी त्यांच्याकडूनच स्टँड करून घ्यायची.

"खेळता खेळता सरांचंच कोपर लागलं. माझा स्टँड तसूभर हलला नाही, मेस्त्री. शाबासकी राहिली बाजूला, अख्ख्या क्लबासमोर बोलणी मी खाल्ली."

"विमान सळईवर कसं बसवलंस?"

"आटे पाडून. वर गोंद."

"मी काय सांगितल्यालं?"

धैर्यशीलच्या डोक्यात तिडीक गेली. तीन वर्षं तेच ऐकून कान किटले होते. ढिलं ठेव. धक्का लागला की विमान अलगद निसटलं पाहिजे. डिप्लोमा काय मुद्दाम ढिलं काम करायला घेतला होता?

"ढिलं काम मला जमत नाही," तो म्हणाला. "आणि आता ऐकाच. स्टँड मी करायचे आणि तळाला नाव तुमचं ठोकायचं, हे बास झालं. मला माझं नाव पाहिजे. आजच. नाहीतर मी चाललो."

मेस्त्रींच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चार महिनं रंगवत हुते सर त्ये इमान. भिंग लावून. एकच डोळा धड हाय त्यांचा."

धैर्यशीलने स्टँड त्यांच्याकडे सरकवला.

"नाव पायजे न्हवं? घे."

त्यांनी स्टँड उलटा करून शिकंज्यात आवळला. तळावरचं स्वतःचं नाव कानशीने खसाखसा घासून काढलं. ते काढताना त्यांचा हात जरा जास्तच जोरात चालत होता. मग खणातून अक्षरांचे ठसे काढले, 'धै' शोधला, पितळेवर टेकवला आणि हातोडी उचलली.

"आता ह्यो सरांना दिऊन ये. कुणी केलाय ते कळू दे त्यांना."

तीन वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते एका घावावर आलं होतं. धैर्यशीलची नजर खाली लोंबणाऱ्या तुकड्यावर गेली. त्यावर केसाएवढ्या बारीक रेघांनी एक आकडा रंगवलेला होता. अर्धाच उरला होता.

"थांबा..."

हातोडी हवेतच राहिली.

"याच्यावर नको, मेस्त्री."

इतका पडेल आवाज आपलाच का, असं त्याला वाटलं.

मेस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. ठसा पुसून खणात टाकला.

"हां," ते म्हणाले. "बस... येवढंच ढिलं पायजे."