वंशावळीत न लिहिलेले

सरदार मानाजीरावांनी आपल्या शिकरा नावाच्या शिकारी कुत्र्यासाठी अनसूयाबाईंच्या हरिणी नावाच्या कुत्रीला मागणी घातली. हरिणीची मागची दोन पिल्ले आंधळी झाली होती. तिच्या रक्तातला दोष नरातही असेल, तर पुन्हा तेच घडणार होते. म्हणून बाईंनी आधी शिकऱ्याच्या रक्ताची तपासणी मागितली.

सरदार चारचौघांत कडाडले, "बाई, याची सात पिढ्यांची वंशावळ आमच्या दिवाणखान्यात टांगलेली आहे. रक्त आणखी काय सांगणार?"

"सरकार, वंशावळीत पराक्रम लिहितात. आंधळेपण लिहिण्याची प्रथा आपल्या घराण्यात नाही, तशी माझ्याही नाही."

सरदारांनाही हसू आवरेना. तपासणीत शिकऱ्यातही तोच दोष निघाला. सोयरीक मोडली आणि बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. सरदारांनी मात्र वंशावळीत शिकऱ्याच्या नावापुढे तो दोष स्वहस्ते लिहिला.