कडी बाहेरून

"मग तुम्ही परवानगीच्या बाजूच्या, की बंदीच्या?" मी पुन्हा विचारलं.

भिक्खुणी सुमेधा वाटाणे सोलत राहिल्या.

मला वाटलं होतं, त्या डोळे मिटून बसलेल्या असतील, हळू आवाजात बोलतील. पण विहाराच्या ओट्यावर त्या पाय पसरून बसल्या होत्या. भोवती मागच्या गल्लीतल्या बायका. हशा पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

ज्या देशात देहविक्रीचा धंदा कायदेशीर आहे, तिथं मी कायदा शिकून आले होते. दुसऱ्या दिवशी शहरात सभा होती आणि मी बोलणार होते. धंदा कायदेशीर करा, म्हणजे हप्ते थांबतील, दवाखान्यात कुणी हिडीसफिडीस करणार नाही, तरुण मुली न घाबरता तक्रार करतील. हे सगळं मी ओट्यावर उभं राहून सांगितलं. बोलताना या बायकांना 'लैंगिक श्रमिक' म्हटलं.

"श्रमिक?" लीलाबाई म्हणाल्या. "मग दिवाळीचा बोनस कोण देणार वं?"

सगळ्या हसल्या. मोनाली तेवढी हसली नाही. वीस-एकवीस वर्षांची. तिला गल्ली सोडायची होती. एका बेकरीत कामही ठरलं होतं, पण तिचा पत्ता कळला की कुणी खोली भाड्यानं देत नव्हतं.

"पोरी, आतून गूळ आण बरं," भिक्खुणी मला म्हणाल्या.

मी कोठीच्या खोलीत गेले. मागे दार लागलं. बाहेरून कडी सरकली.

"माताजी?"

"बस तिथंच. परवानगी आहे तुला."

बाहेर खसखस पिकली. मलाही हसू आलं. मी दार ढकललं.

"उघडा ना."

"बरं. आतापासून त्या खोलीत बसायला बंदी."

मी पुन्हा ढकललं. दार हललं नाही.

"आता गं?"

"आता मी गुन्हेगार झाले," मी म्हणाले, "आणि आतच आहे."

यावर तर लीलाबाईंना ठसकाच लागला. मग मोनालीचा आवाज आला.

"मला पोलिसांनी सोडवून सुधारगृहात नेलं होतं ना... तिथंही कडी बाहेरूनच होती."

कडी मोनालीनंच काढली.

मी तावातावानं बाहेर आले. तरीही कायदा लागतोच, मी म्हटलं. पोरीला कोंडणाऱ्याला शिक्षा कायद्याशिवाय कोण देणार?

"लागतो ना," भिक्खुणी म्हणाल्या. "जा, सभेत सांग."

"मग माझं चुकलं कुठं?"

"चुकलं म्हटलं का मी?" त्यांनी मोनालीकडं हनुवटीनं खूण केली. "ही राहील कुठं, तेवढं सांग."

गूळ आतच राहिला होता. तो लीलाबाईंनी आणला.

घरी माझ्याकडं दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत पुस्तकांचे खोके. रात्री भाषण वाचायला घेतलं. चांगलं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी पुढं वाचवेना.

सकाळी उठून सगळे खोके माझ्या खोलीत ओढले. घरमालकीणबाईंना मोनालीचा पत्ता लपवून न ठेवता सांगितला. त्या बराच वेळ बोलल्या, मीही बोलले, शेवटी त्या दूध तापवायला निघून गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

सभेला जायच्या आधी विहारात गेले. मोनाली अंगण झाडत होती.

"माझ्याकडं राहायला ये," मी म्हटलं. "बेकरी जवळ आहे तिथून."

तिनं झाडू भिंतीला टेकवला. माझ्याकडं पाहिलं, मग ओट्याकडं.

"जाऊ का, माताजी?"

"मला काऊन विचारतेस वं?" भिक्खुणी म्हणाल्या. "आधी हिच्या हातचं जेवून पाह्य. मग ठरव."